पऱ्हाटीचे साडेतीन हजार फोटो

अमरावतीला घराच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या पिंपात मी पऱ्हाटी लावली होती. फूल उमलण्यापासून बोंड फुटून कापूस लोंबेपर्यंतचा प्रवास दोन-अडीच मिनिटांच्या फिल्ममध्ये बसवायचा होता. कॅमेरा तिवईवर घट्ट बांधला, त्याला विजेची जोडणी दिली आणि दिवसाउजेडी दर दहा मिनिटांनी एक फोटो लावून दिला. दिवसाला साधारण 66, पंचावन्न दिवसांत 3,600 च्या वर. सेकंदाला 25 चित्रं धरली तर दोन मिनिटं चोवीस सेकंद. हिशोब बरोबर होता, पण नंबरांकडे मी बघितलंच नाही.

शेतकऱ्यांच्या एका छोट्या कार्यक्रमात फिल्म पडद्यावर लावली. हिरवंगार बोंड तडकलं, पांढरा कापूस बाहेर आला आणि लगेच त्याच झाडावर दुधी रंगाचं फूल उमललं! पुढच्या रांगेतून मामाजी म्हणाले, "अरे, बोंड फुटल्यावर फूल लागते काय कुठं?" त्यांनी जन्मभर कापूस पिकवला आहे. मी उठून फिल्म बंद केली.

घरी येऊन शोध घेतला. कॅमेऱ्याचे फोटो 7,800 च्या आसपास सुरू झाले होते. 9999 झाल्यावर बहुतेक कॅमेरे पुन्हा 0001 वर येतात. माझ्या बाबतीत ते तेहतिसाव्या दिवशी घडलं. मी सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले, नावाप्रमाणे लावले आणि एकगठ्ठा नवे नंबर दिले. शेवटचे तीन आठवडे आधी आले, पहिला महिना मागे गेला, आणि नव्या नंबरांनी तो उलटा क्रम पक्का करून टाकला.

हे सुधारता आलं, कारण फोटो कधी काढला ती वेळ फाइलच्या आत जपलेली असते आणि नाव बदललं तरी ती जात नाही. फोटो काढल्याच्या वेळेप्रमाणे फाइली लावल्या, पुन्हा नंबर दिले, क्रम जुळला. फाइल बदलल्याची तारीख मात्र कामाची नाही, ती कॉपी करताना बदलू शकते. आणि सुरुवातीलाच कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं हवं.

जे सुधारता आलं नाही ते वेगळंच. कपाशीचं फूल सकाळी दुधी-पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी होतं. माझं फूल उमललं त्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आलं होतं आणि 22 फोटो काळपट आले होते. रात्री ते खराब म्हणून मी पुसले, कार्डही रिकामं केलं. रंग बदलायला लागला तो नेमका त्याच वेळात. आता माझ्या फिल्ममध्ये पांढरं फूल एका झटक्यात गुलाबी होतं. एक सेकंदसुद्धा नाही, पण सगळ्या फिल्ममध्ये मला तोच हवा होता.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत टिपली होती. ती 'अंकुराची वाढ' दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि 1913 मध्ये तो चित्रपट पडद्यावर आणला. त्यांच्या चौकटी एकाच पट्टीवर एकीला एक जोडलेल्या होत्या, एक उचलून दुसरीच्या मागे जाणं शक्यच नव्हतं. आपल्या फोटोंना धरून ठेवणारी पट्टी नाही. आहे तो फक्त नावातला नंबर.

म्हणून हे काम करणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: मूळ फोटो एका जागी जसेच्या तसे राहू द्या आणि नंबर बदलायचे ते दुसऱ्या प्रतीत. नंबर 1, 2, 10 असे नकोत, 00001, 00002 असे सारख्या लांबीचे द्या, नाहीतर कित्येक ठिकाणी 1 च्या मागे 10 आणि 100 येऊन बसतात. मधला एकही नंबर गाळू नका. फोटो जोडून फिल्म करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एफएफएमपेग पहिल्या खंडापाशीच थांबतं, तर दा विंची रिझॉल्व्ह तिथे क्लिपचे दोन तुकडे करतं. फोटो खरोखरच वाया गेला असेल तर शेजारच्या फोटोची प्रत त्याच नंबरानं ठेवा. वीज गेली तर उलटं होतं. नंबर सलग दिसतात, पण मधले दोन तास नसतात. म्हणून वीज गेल्याची वेळ वहीत लिहीत जा.

प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये पहिला फोटो निवडून 'इमेज सिक्वेन्स'च्या चौकोनात खूण करायची, विसरलात तर एकच फोटो आत येतो. वेग फोटो आत घेण्याआधीच ठरवा. 30 च्या वेगाची मालिका 25 च्या टाइमलाइनवर टाकली की दर सहा चित्रांतलं एक गळतं. उजेड आणि रंगाचा समतोल कॅमेऱ्यावर सोडू नका, हातानं पक्का करा, नाहीतर फिल्म दिव्यासारखी लुकलुकते. आणि 6000 बाय 4000 चा फोटो पडद्याच्या मापात बसवताना वरखाली कापला जातो, तेव्हा पहिल्याच दिवशी झाडाच्या डोक्यावर जागा सोडा. माझ्या झाडाचा शेंडा कापला गेला होता.

यंदा जूनमध्ये पुन्हा सरकी टोवली. फुलाच्या दोन दिवसांचे 132 फोटो फोल्डरमध्ये आहेत, काळपट सगळे धरून.