थांब, आधी मेंढ्या शोध!

आपल्या लहानपणीचे गेम नव्या रूपात परत यायला लागलेत आणि आपल्या वयाच्या आईबाबांची भलतीच गंमत झाली आहे. एरवी "किती वेळ झाला, बंद कर ते" म्हणणारे आपण, 'एज ऑफ एम्पायर्स टू'चं नाव निघालं की स्वतःच खुर्ची ओढून बसतो. मुलं आधी संशयाने बघतात. आई आपणहून गेम लावून देतेय म्हणजे नक्की काहीतरी शिकवायचा बेत असणार! आणि खरं सांगू? पुष्कळदा असतोच.

ज्यांच्या घरी 2000 सालाच्या आसपास कॉम्प्युटर आला, त्यांना या गेमची ओळख करून द्यायला नको. अमेरिकेतल्या डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने तो बनवला, मायक्रोसॉफ्टने 1999 साली बाजारात आणला. सुरुवातीला पदरी तीन गावकरी, एक घोडेस्वार, थोडं धान्य, थोडं लाकूड. तिथून राज्य उभं करायचं. आमच्याकडे कॉम्प्युटर हॉलमध्ये, त्यावर आईने शिवलेलं कव्हर आणि माऊस कायम दादाच्या हातात. माझी पाळी तो क्लासला गेला की. त्यात लोडशेडिंग. यूपीएस ओरडायला लागला की आधी सेव्ह करायचं की लढाई संपवायची, यावरून आमची जुंपायची. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता ते सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळायचे आणि घरी "प्रोजेक्ट होता" म्हणून सांगायचे. आजच्या मुलांच्या असल्या थापा आपल्याला चटकन कळतात त्या उगाच नाही.

2019च्या नोव्हेंबरात या गेमची 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली. आता हवं तेवढं जवळ जाऊन बघता येतं. इमारत पडते ती नुसती नाहीशी होत नाही, भिंती ढासळताना दिसतात. मूळ गेममध्ये 13 संस्कृती होत्या, नव्यात पहिल्याच दिवशी 35. पण मेंढ्या अजून तशाच धुक्याच्या कडेला उभ्या असतात आणि रानडुक्कर अजून तसंच अंगावर येतं. ते बघितलं आणि माझी बोटं आपोआप कीबोर्डवर गेली.

इथूनच आपलं बिनसतं. मूल खेळायला बसलेलं असतं आणि आपण मागून सुरू होतो. "थांब, आधी मेंढ्या शोध! घर बांध, नाहीतर माणसं वाढणार नाहीत. अगं, डुकराजवळ एकट्याला कशाला पाठवतेस?" मध्येच डब्यातल्या भाजीबद्दल विचारतो तसं, "आवडला ना? मस्त आहे ना?" मूल बिचारं "हो" म्हणतं. नाही म्हणायची सोय कुठे ठेवलेली असते आपण?

माझ्या सातवीतल्या लेकीने मेंढ्या शोधल्या आणि गावाच्या मध्यभागी आणून उभ्या केल्या. पुढे काहीच नाही. गावकरी जांभळं-करवंदं वेचावीत तशी झुडपांवरची फळं गोळा करतायत, मेंढ्या चरतायत. मी म्हटलं, "त्या खायच्या असतात गं, त्यावर गाव चालतं." तर म्हणाली, "पण त्या आता आपल्या आहेत ना?" मग तिने घरं एका ओळीत बांधली, दोन घरांत झाड राहील अशा बेताने. इतकं होईतो शत्रूने तिच्या गावाचा फडशा पाडला होता. मला हळहळ वाटली. तिला नाही. ती जिंकायला आलीच नव्हती, बघायला आली होती. आपणही पहिल्यांदा बघायलाच बसलो होतो, फक्त ते आता आठवत नाही. आठवतात ते जिंकलेले डाव.

आठवणींचं आणखी एक. जुन्या गेममध्ये शेत काही काळाने संपायचं. मग 60 लाकूड खर्चून पुन्हा पेरायचं, आणि लढाईच्या गडबडीत विसरलं की माणसं धान्यावाचून अडायची. नव्यात पेरणी आपोआप होईल अशी सोय आहे. "आमच्या वेळी एकेक शेत हाताने पेरावं लागायचं" हे वाक्य आपल्या तोंडून निघतंच. ऐकताना अगदी विहिरीवरून पाणी आणल्यासारखं वाटतं! पण ती पेरणी तेव्हाही कंटाळवाणीच होती. मुलांच्या वाट्याला तो वैताग आला नाही म्हणून त्यांचं काही कमी झालेलं नाही.

काळजी करावी असं काही नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. आपला गेम सीडीत बंद होता. समोर एक तर कॉम्प्युटर असायचा, नाहीतर दादा, फार तर कॅफेतल्या पलीकडच्या खुर्चीवरचा मुलगा. आता तोच गेम इंटरनेटला जोडलेला असतो. कुठलेकुठले अनोळखी लोक समोर येतात, त्यांच्याशी लिहून बोलता येतं, हरलं की गुण घसरतात, आणि नव्या संस्कृतींचे संच वेगळे पैसे मोजून घ्यायचे असतात. "मी पण हेच खेळलेय, मला माहितेय" म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि नेमकं हेच आपल्याला माहीत नसतं. आमच्याकडे सध्या कॉम्प्युटरशी किंवा घरच्या माणसांशीच खेळायचं असं ठरलंय. तिचा मामा बंगळुरूला असतो. रविवारी तो आणि ती एका बाजूला, कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला. लहानपणी मला माऊस न देणारा हाच दादा भाचीला मात्र सोनं पाठवतो, धान्य पाठवतो!

आता वेळेचं. दिवसभर ऑफिस, मग कुकर, मग दुसऱ्या दिवसाची तयारी. आपल्याला सोपा नियम हवा असतो: अर्धा तास, बास. पण या गेमचा एक डाव सहज पाऊण तास, तासभर चालतो. अर्ध्या तासाने "बंद कर" म्हणजे नेमका किल्ला बांधून होत आलेला असतो. मूल चिडतं, आपण त्याहून चिडतो, आणि "गेममुळे मुलं चिडचिडी होतात" असं दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारणीला सांगतो. यूपीएसच्या आवाजाने आपला जीव कसा खालीवर व्हायचा ते आठवून बघा. त्यामुळे मी आता तासांऐवजी डाव मोजते. आठवड्यातल्या दिवशी नाही, शनिवारी एक, रविवारी एक. जेवणाची वेळ मध्ये आलीच तर दहा मिनिटं आधी सांगायचं, "सेव्ह करून ये." एकट्याच्या खेळात ते होतं. मामाबरोबर खेळत असेल तर मध्येच उठणं म्हणजे सोबत्याला वाऱ्यावर सोडणं, म्हणून तो डाव जेवणानंतरच सुरू करायचा. दरवेळी जमतं असं नाही. पण दार आपटण्याचे आवाज कमी झालेत.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र वेळापत्रकाची नव्हती. या गेममध्ये जोन ऑफ आर्कची मोहीम आहे. शेतकऱ्याची पोर, फ्रान्सचं सैन्य घेऊन 1429 साली ऑर्लेआंचा वेढा उठवते. सुरुवातीच्या लढायांमध्ये जोन स्वतः पडद्यावर घोड्यावर असते, तिला जपत पुढे न्यायचं असतं. मग ती पकडली जाते, आणि शेवटच्या लढाईत ती नसतेच. 1431 साली तिला जाळलं, तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची. मला हे ठाऊक होतं, पण आम्ही ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. दादाला तोफा हव्या असायच्या, मला माझी पाळी. लेक मात्र गप्प झाली. रात्री अंथरुणात विचारते, "तिला सोडवायला कोणीच कसं गेलं नाही? ज्याला तिने राजा केलं, तो पण नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "झोप आता, उद्या शाळा आहे" हे ओठावर आलं होतं. दमलेल्या आईचं ते हुकमी वाक्य. पण ज्या खेळाला आपण टाइमपास म्हणतो, त्यातून असा प्रश्न घेऊन मूल येतं तेव्हा दहा मिनिटं उशिरा झोपलं तर चालतं. राजे लोक कामापुरतं माणूस वापरतात का, यावर आम्ही बोललो. निकाल काही लागला नाही.

आणि मग तो प्रश्न आलाच, मराठी घरात येणारच होता: "यात मराठे कुठेत?" 1999च्या गेममध्ये भारतातलं कोणीच नव्हतं. 2013 साली 'भारतीय' अशी एकच संस्कृती आली आणि 2022 साली त्या एकीच्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार झाल्या. राजेंद्र चोळाची मोहीम आहे, बंगालच्या देवपालाची आहे, बाबराची आहे. मराठे नाहीत, कारण गेमचा काळ सोळाव्या शतकापर्यंत येऊन थांबतो आणि शिवाजी महाराजांचा जन्म 1630चा. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने समजावलं. "मग आपण घालू या ना," ती म्हणाली.

हे वाटतं तितकं वेडगळ नाही. नवे नकाशे तयार करायचं साधन या गेममध्ये पहिल्यापासून आहे. शिवाय या गेमच्या काही चाहत्यांनीच 2012 साली हौसेने नव्या संस्कृती बनवल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांचं काम अधिकृतपणे गेममध्ये आलं, आणि 2019ची नवी आवृत्ती घडवण्यातही तीच मंडळी होती. म्हणजे तासन्‌तास हा गेम खेळणाऱ्यांनीच तो परत आणला. ही गोष्ट मुलांसमोर जपून सांगा, अभ्यासाच्या वेळी पुरावा म्हणून तुमच्यावरच उलटवतील.

तर सध्या आमच्याकडे रायगडाचं काम चालू आहे. कडे झालेत, उंचवटे झालेत, पायथ्याशी गाव आहे आणि गावात अर्थातच मेंढ्या आहेत. हिरकणी बुरूज कुठे दाखवायचा यावर गाडी अडली होती. मी स्वयंपाकघरातून दोनदा सुचवून पाहिलं. तिने मामाला फोन लावला.