निजलेली जनुके

विदर्भातील अनेक घरांना सिकलसेल हा शब्द परका नाही. हा आजार घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने मात्र निरोगी दिसते. असे का व्हावे? गर्भातील हिमोग्लोबिन घडविण्यात गॅमा-ग्लोबिनच्या जनुकांचा वाटा असतो आणि ती निर्दोष असतात. जन्मानंतर ती हळूहळू निजतात. त्यांचे काम बीटा-ग्लोबिनचे जनुक हाती घेते. दोष आहे तो तेथे. केवळ एका अक्षराच्या बदलामुळे, प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

असा घातक बदल टिकला कसा? तो एकाच पालकाकडून मिळालेल्या वाहकास गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण लाभते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. निसर्गनिवडीचा हिशेब असा निर्दय असतो.

निजलेली जनुके नष्ट झालेली नसतात. बीसीएल-११-ए नावाचे प्रथिन त्यांना निजवून ठेवते. हायड्रॉक्सियुरियाने गर्भीय हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढते. २०२३ साली ब्रिटनने मान्य केलेल्या उपचारात तर रुग्णाच्याच मूळपेशींमध्ये त्या प्रथिनाच्या जनुकाचा नियंत्रक भाग छेदला जातो. हा उपचार फार महाग आहे. विवाहापूर्वीची रक्ततपासणी तशी नाही: दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.