शीघ्रवाचन आणि मराठी वाक्य

नोकरी आणि घर सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्यास शीघ्रवाचनाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी 1959 मध्ये अशा वाचनाचे वर्ग सुरू केले. नजर पानावरून झरझर फिरवावी, मनातल्या मनात शब्द उच्चारू नयेत, असे या पद्धती सांगतात.

वस्तुतः वाचताना डोळे सलग सरकत नाहीत; ते थांबत, उडी घेत पुढे जातात. एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो व त्यात मोजकीच अक्षरे स्पष्ट दिसतात. वेळ मुख्यतः लागतो तो शब्द ओळखून अर्थ जुळवण्यास. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातही वेग फार वाढवल्यास आकलन घटते, असेच दिसते.

मराठीत तर क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या अखेरीस येतात. 'ही उपपत्ती सर्व अभ्यासकांनी स्वीकारली आहे असे म्हणता येत नाही' या वाक्यातील शेवटचा शब्द नजरेतून निसटला, की विधान नेमके उलटे होते. परीक्षेतील कितीतरी चुकीची उत्तरे अशाच निसटलेल्या 'नाही'तून जन्मतात, असे मला वाटते.

'चाळणे' आणि 'वाचणे' हा भेद आपल्या भाषेने केलेलाच आहे. घटकाची शीर्षके, उदाहरणे खुशाल चाळावीत. व्याख्या आणि युक्तिवाद मात्र वाचावेत, मनात उच्चार झाला तरी हरकत नाही.

स्वाध्याय : मागील घटकातील एक परिच्छेद चाळून त्याचा आशय दोन वाक्यांत लिहा. नंतर तोच परिच्छेद सावकाश वाचून आपली वाक्ये तपासा.