खंडी : शब्दाचा उगम आणि हिशोब

'आज्याच्या काळात या पेवात चार खंडी ज्वारी मावायची' असे बोलणे धाराशिव जिल्ह्यात जुन्या माणसांकडून ऐकायला मिळते. रुईच्या बाजारभावात तर खंडी आजही आहे. पण खंडी म्हणजे नेमके किती? हे माहीत नसेल तर हिशोब चुकतो.

उगम व अर्थ

खंडी या शब्दाचा संबंध संस्कृत 'खंड' (भाग करणे) याच्याशी जोडतात. तेलुगूतही खंडी आहे. उमरग्यापलीकडे कन्नड मुलखात २० कोळगांचा एक खंडुग होई. इंग्रज व्यापाऱ्यांनी खंडीचेच 'कँडी' केले.

खंडीचे मूळ गमक २० हा आकडा. २० मण म्हणजे एक खंडी. मेंढ्यांची खंडी म्हणजेही २० मेंढ्या.

मण कोणता?

मण बदलला की खंडी बदलते. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, त्याची खंडी ५६० पौंडांची, म्हणजे सुमारे २५४ किलोची होती. ४० शेरी पक्का मण ३७.३२ किलोचा, त्याची खंडी सुमारे ७४६ किलोची. दोन्ही खंड्याच, पण फरक जवळजवळ तिप्पट! शिवाय पायली हे भरून मोजायचे माप. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई यांचे वजन सारखे भरत नाही. हा घोळ मिटावा म्हणून १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो व क्विंटल आले.

कापसाची खंडी

रुईची खंडी मात्र २० मणांची नाही. ती ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडी २८ मणांची, सुमारे ३५६ किलो. हा भाव सरकी काढलेल्या रुईचा असतो, कापसाचा नव्हे. रुईचा उतारा ३४ टक्के धरल्यास एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो.

समजा, रुईचा भाव खंडीला ५६,००० रुपये आहे. त्याला ३.५६ ने भागल्यास रुईचा क्विंटलचा भाव सुमारे १५,७३० रुपये येतो. त्याचे ३४ टक्के म्हणजे सुमारे ५,३५० रुपये. ही एक क्विंटल कापसातील रुईची किंमत झाली. त्यात सरकीची किंमत मिळवावी व जिनिंगचा खर्च वजा करावा. म्हणजे आपल्या कापसाला मिळणाऱ्या भावाचा अंदाज येतो.

लक्षात ठेवा

जुन्या उत्पन्नाची आजच्या उत्पन्नाशी तुलना करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : मण कोणता होता? धान्य तोलले होते की मापले होते?