वीरगळ : नाव नसलेल्या वीराची ओळख

येलदरी म्हटले की पूर्णा नदीवरचे धरण आणि त्याच्या पायथ्याचे वीजघर आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. जलाशय पसरला तेव्हा नदीकाठची जुनी गावठाणे उठली, माणसे नव्या जागी वसली. गाव उठते तेव्हा घरचे देव बरोबर जातात, ग्रामदैवताचीही सोय होते. परंतु वेशीबाहेर उभा असलेला वीराचा दगड कोणी न्यायचा? त्याचा वारस कोण, हेच कोणास ठाऊक नसते. या प्रश्नामुळेच प्रस्तुत टिपण लिहावेसे वाटले.

लढून मेलेल्या गावकऱ्याचे आपल्याकडील जुने स्मारक म्हणजे वीरगळ. यातील 'गळ' म्हणजे कन्नडमधील 'कल्', दगड. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या चौकटीत वीर लढताना किंवा धारातीर्थी पडलेला दिसतो; तेथे गाई कोरलेल्या असतील तर गोधन पळविणाऱ्यांशी झुंजताना तो मेला असे समजावे. त्यावर अप्सरा त्यास स्वर्गी नेतात. त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्रसूर्य, ते आहेत तोवर त्याची कीर्ती. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर तर गलबतांची लढाई आहे. अभ्यासक ती तेराव्या शतकातील यादव-शिलाहार संघर्षाशी जोडतात. जवळच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल, तर ती सतीशिळा होय.

एवढे सारे सांगणारा हा दगड नाव मात्र सांगत नाही. कर्नाटकातील वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो, महाराष्ट्रात तो क्वचितच आढळतो. कोरून घेणाऱ्यांना वाटले असेल, याला सारा गाव ओळखतो, नाव कशाला? पिढ्या सरल्या, ओळखणारे गेले, आणि उरला तो शेंदूर.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी मुलखातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच त्यांवरचा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या युद्धात पडले. आपला मुलूख निजामाचा. हैदराबादचे घोडदळ तेव्हा पॅलेस्टाईनच्या आघाडीवर होते, आणि दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक त्याची आहे. पण तो पुतळा एका संस्थानाचा, कोणा एका गड्याचा नव्हे. पाटीवर माणसाचा आकडा झाला, पुतळ्यात संस्थान झाले.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात मात्र नाव राहिले. १९४६ साली अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे मारले गेले. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे रझाकारांशी लढताना हुतात्मा झाले. तो तालुका १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होता आणि पूर्णा प्रकल्पाचे पाणी तिकडे जाते. वसमतच्या महाविद्यालयास बहिर्जींचे नाव आहे. आपल्यासारखेच विद्यार्थी ते परीक्षेच्या अर्जावर दरवर्षी लिहितात. ते कसे लढले, असे विचारले तर किती जण सांगू शकतील? वीरगळावर मरणाची हकीकत आहे, नाव नाही. येथे नाव आहे, हकीकत विरत चालली आहे. माझ्या मते दुसरी उणीव अधिक लाजिरवाणी आहे, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीचे दिवस आठवणारी माणसे आता अगदी थोडी उरली आहेत.

सुटीत गावी गेल्यावर त्यांच्याकडे वही घेऊन बसावे. आणि वाटेत वीरगळ दिसला तर सकाळच्या किंवा मावळतीच्या तिरप्या उन्हात त्याचे छायाचित्र घ्यावे. दुपारी कोरीवकाम सपाट दिसते. उंची, चौकटींची संख्या, गाई आहेत की घोडा, दगड कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे टिपून ठेवावे. शेंदूर खरवडू नये. दगड मूळच्या जागी आहे की कोठून आणला, हे शेजारच्या शेतमालकास विचारून घ्यावे.