जागतिक संस्कृतींचा अभ्यास : माहितीकडून आकलनाकडे

मानव्यविद्या शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात जगातील विविध संस्कृतींचा परिचय करून देणारे घटक समाजशास्त्र, मानवशास्त्र, इतिहास अशा अनेक विषयांतून येतात. स्पर्धा परीक्षांतही त्यांना स्थान आहे. मात्र बहुसंख्य विद्यार्थी हा भाग कोष्टकाच्या रूपाने पाठ करतात : जमातीचे नाव, प्रदेश, प्रथा. परीक्षा संपली की कोष्टक विस्मरणात जाते. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मीही दीर्घकाळ या विषयाकडे अवांतर वाचन म्हणूनच पाहत आलो. पाटबंधारे प्रकल्पांचे लाभ-व्यय विश्लेषण शिकवीत असताना इंडोनेशियातील बाली बेटाचे उदाहरण अभ्यासात आले, आणि जी बाब आपण ‘श्रद्धा’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवतो तीच हिशेबाचा गाभा असू शकते, याची जाणीव झाली. प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे या अभ्यासाची पद्धत स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संस्कृतीची संकल्पना

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये संस्कृतीची जी व्याख्या केली, तिच्यात ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक या नात्याने माणसाने आत्मसात केलेल्या इतर क्षमतांचा समावेश होतो. या व्याख्येचे महत्त्व असे की, संस्कृती म्हणजे केवळ नृत्य, पोशाख व सण नव्हेत. शेती, विनिमय, मालमत्ता आणि न्याय यांच्या व्यवस्थाही संस्कृतीतच मोडतात. टायलर स्वतः मात्र समाजांची ‘मागास’ ते ‘प्रगत’ अशी उतरंड मानणारे होते. फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्यांनी ही उतरंड नाकारली. प्रत्येक संस्कृती तिच्या स्वतःच्या संदर्भात समजून घ्यावी, या भूमिकेस सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात.

कुला : व्यापार की नातेसंबंध?

न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रोब्रियांड बेटांवर ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रदीर्घ क्षेत्रकार्य केले. त्यांचा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या भागातील बेटांच्या वर्तुळात लाल शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तर पांढऱ्या शिंपल्यांची कडी विरुद्ध दिशेने फिरत असतात. या वस्तू कायमच्या जवळ ठेवायच्या नसतात. काही काळाने त्या पुढच्या भागीदाराला द्यायच्या असतात. त्यासाठी माणसे होड्यांतून धोक्याचा समुद्रप्रवास करतात. यालाच कुला म्हणतात.

केवळ बाजारभावाच्या दृष्टीने पाहणाऱ्यास हा व्यवहार निरर्थक वाटेल. परंतु याच प्रवासांत उपयुक्त वस्तूंची घासाघीस करून देवाणघेवाणही होते आणि तिला स्थानिक भाषेत वेगळे नाव आहे. कुलामुळे दूरच्या बेटांवर विश्वासू भागीदार मिळतो, आश्रय मिळतो आणि प्रतिष्ठा निर्माण होते. मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे या तीन बंधनांचा सिद्धांत मांडला, तर कार्ल पोलान्यी यांनी १९४४ मध्ये परस्परता, पुनर्वितरण आणि बाजार यांतील भेद स्पष्ट केला. या दोन्ही मांडण्यांमागे कुलाच्या अभ्यासाचा आधार आहे.

येथे आणखी एक धडा आहे. पुढे अ‍ॅनेट वायनर यांनी त्याच बेटांवर अभ्यास करून १९७६ मध्ये दाखवून दिले की, तेथील स्त्रियांकडे केळीच्या पानांच्या जुड्या व घागरे यांच्या स्वरूपात स्वतंत्र संपत्ती असते आणि मृत्यूनंतरच्या विधींत तिचे वाटप त्याच करतात. मॅलिनोव्स्कींनी या संपत्तीला पुरेसे महत्त्व दिलेले नव्हते. थोर अभ्यासकाचे निरीक्षणही अपूर्ण असू शकते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पॉटलॅच : उधळपट्टी की नोंदणी?

कॅनडाच्या वायव्य किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व व शेजारच्या लोकसमूहांत विवाह, नामकरण, मृत्यू, पदाचा वारसा अशा प्रसंगी यजमान मोठा समारंभ करून पाहुण्यांना घोंगड्या, भांडी व अन्य वस्तू वाटतो. या प्रथेस पॉटलॅच म्हणतात. कॅनडाच्या शासनाला व मिशनऱ्यांना ती उधळपट्टी वाटली. १८८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन १८८५ पासून पॉटलॅच हा गुन्हा ठरला. १९२१ मध्ये झालेल्या एका मोठ्या समारंभानंतर सहभागी व्यक्तींवर खटले भरले गेले, काहींना तुरुंगवास झाला आणि मुखवटे, ताम्रपट इत्यादी वस्तू जप्त होऊन संग्रहालयांत गेल्या.

ज्या समाजात लेखी दस्त नाहीत, तेथे नाव, पद व हक्क कोणाचे हे ठरणार कसे? पाहुणे हे त्या हक्काचे साक्षीदार असत आणि भेटवस्तू स्वीकारणे म्हणजे साक्ष मान्य करणे होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पॉटलॅच ही मालमत्ता-हक्कांची सार्वजनिक नोंदणी आणि त्याच वेळी पुनर्वितरणाची व्यवस्था होती. शासनाने खर्च पाहिला, कार्य पाहिले नाही. १९५१ मध्ये ही बंदी कायद्यातून वगळण्यात आली. जप्त वस्तूंपैकी बऱ्याच परत मिळाल्या आणि त्यांच्यासाठी १९८० मध्ये अलर्ट बे येथे उमिस्ता सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. मात्र सहा दशकांहून अधिक काळ मुलांना जे उघडपणे शिकविता आले नाही, त्याची भरपाई कोणत्याही संग्रहालयाने होत नाही.

सुबक : देऊळ आणि पाटबंधारे

बालीमधील भातशेती ‘सुबक’ नावाच्या शेतकरी संघटनांमार्फत चालते. एकाच स्रोतातून पाणी घेणारे शेतकरी एका सुबकचे सभासद असतात आणि अनेक सुबक जलमंदिरांच्या साखळीने जोडलेले असतात. पाणी केव्हा सोडायचे, लागवड केव्हा करायची आणि जमीन केव्हा पडीक ठेवायची, याचे निर्णय मंदिरातील सभा व विधी यांच्याशी निगडित असतात.

१९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणानुसार शेतकऱ्यांना नव्या वाणांची शक्य तितक्या वेळा लागवड करण्यास उत्तेजन देण्यात आले. १९७९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने पाटबंधारे प्रकल्पही सुरू झाला. मंदिरांचे वेळापत्रक मागे पडले. परिणामी पाण्याचे वाटप विस्कळीत झाले आणि किडी व रोगांचा प्रादुर्भाव वाढला. तपकिरी तुडतुड्यांच्या समस्येमुळे इंडोनेशियाच्या शासनाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी परिसंस्थाशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्यासमवेत दोन नद्यांवरील १७२ सुबकांची संगणकीय प्रतिकृती तयार केली. तिच्यातून पुढील गुंता स्पष्ट झाला. सर्वांनी एकाच वेळी लागवड केली तर सर्वांना एकाच वेळी पाणी हवे असते आणि टंचाई निर्माण होते. प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी केली तर किडींना कायम एखादे हिरवे शेत उपलब्ध राहते. म्हणून काही सुबकांच्या गटाने एकत्र लागवड करावी व एकत्र पडीक ठेवावी आणि दुसऱ्या गटाने वेगळी वेळ घ्यावी, हा मधला मार्ग उत्तम ठरतो. जलमंदिरांच्या साखळीतून साधारणपणे हाच समन्वय साधला जात होता. उगमाकडील शेतकऱ्याला पाण्याची चिंता नसली तरी किडीची असते. म्हणून तोही खालच्या शेतकऱ्याशी सहकार्य करतो. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबक व्यवस्थेचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

हे उदाहरण आपणांस परके नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील फड पद्धतीत लाभक्षेत्राचे फड पाडून प्रत्येक फडात एकच पीक घेतले जाई आणि पाण्याचे नियोजन शेतकरी स्वतः करीत. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागासाठी महाराष्ट्राने २००५ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. अशा कायद्याचा विचार करताना फडासारख्या जुन्या संस्थांचा अनुभव उपयुक्त ठरतो.

सापेक्षतावादाची मर्यादा

प्रथेचे कार्य समजणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे. एखादी रूढी समाजाला स्थैर्य देत असेल, परंतु त्या स्थैर्याची किंमत कोणी मोजली हाही प्रश्न विचारावाच लागतो. युनेस्कोच्या सांस्कृतिक विविधतेविषयीच्या २००१ च्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले आहे की, विविधतेचा आधार घेऊन मानवी हक्कांचा भंग करता येणार नाही. भारतीय राज्यघटनेतही हाच तोल आढळतो. अनुच्छेद २९ नागरिकांच्या गटांना आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो, अनुच्छेद ५१ क संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचे कर्तव्य सांगतो आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. जतन आणि परिवर्तन या दोन्हींची जबाबदारी एकाच घटनेने आपणांवर सोपविली आहे.

अभ्यासाची सूत्रे

कोणत्याही संस्कृतीचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांनी पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत. एक, या प्रथेत कोण, कोणाला, काय आणि केव्हा देतो? दोन, ही प्रथा समाजाची कोणती अडचण सोडविते? तीन, तिचा भार कोणावर पडतो आणि निर्णयातून कोण वगळले जाते? चार, ही माहिती आपणांस कोणी सांगितली आणि त्याच्या नजरेतून काय सुटले असेल? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वी मूल्यनिर्णय देऊ नये आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर तो टाळू नये. परीक्षेतील उत्तरातही व्याख्येनंतर एक उदाहरण या चार प्रश्नांच्या आधारे मांडल्यास ते सुसंगत व विश्लेषणात्मक होते.

समारोप

कॅनडातील अधिकारी अथवा बालीतील प्रकल्पाचे अभियंते हे अशिक्षित नव्हते. त्यांतील अनेकांचा हेतूही प्रामाणिक असेल. उणीव होती ती दुसऱ्याच्या व्यवस्थेत काही शहाणपण असू शकेल, या शक्यतेची. आज परीक्षेची तयारी करणाऱ्यांपैकी काही जण उद्या एखाद्या आदिवासी तालुक्यात, धरणाच्या लाभक्षेत्रात किंवा पुनर्वसन कार्यालयात निर्णय घेण्याच्या जागी असतील. तेथे समोर आलेली एखादी अपरिचित प्रथा खर्चाच्या रकान्यात टाकण्यापूर्वी ती कोणते काम करते हे विचारण्याची सवय जर या अभ्यासातून लागली, तर या घटकाला मिळणाऱ्या गुणांपेक्षा त्याचे मोल निश्चितच अधिक ठरेल.