ठासणीची रायफल दुकानातून का हटली? नियमामुळे येणाऱ्या गिऱ्हाइकाचा धडा



परवाच्या व्हिडिओत अमेरिकेतल्या ठासणीच्या रायफलींचं उदाहरण दिलं होतं. वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे आपला विषय शिकार नाही. आपल्याला बघायचंय ते मार्केट.

आधी वस्तू समजून घेऊ

ठासणीची रायफल म्हणजे नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, गोळी ठेवायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. एका वेळी एकच बार. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी अशा बंदुकांचा वेगळा हंगाम असतो. त्या दिवसांत जंगलात गर्दी कमी, आणि शिकाऱ्याला वर्षात जास्तीचे दिवस मिळतात.

हे ओळखून थॉम्पसन सेंटर या कंपनीने १९७० मध्ये 'हॉकेन' रायफल आणली. नाव जुनं, सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या कारखान्यावरून घेतलेलं. लाकडी दस्ता, बाजूला घोडा, पितळी सजावट. माल जोरात खपला आणि इतर कंपन्याही या धंद्यात उतरल्या.

मग बदललं काय?

१९८५ मध्ये मिसूरीतल्या टोनी नाइट या बंदूक कारागिराने एमके-८५ ही रायफल बाजारात आणली. ठासायची पद्धत तीच, पण ठिणगी बाजूने न जाता थेट मागून सरळ दारूवर पडते. मागचा भाग उघडतो, त्यामुळे साफसफाई सोपी. या प्रकाराला 'इनलाइन' म्हणतात. बहुतेक राज्यांनी ठासणीच्या हंगामात इनलाइनला परवानगी दिली.

इथे खरी गोष्ट उघडी पडली. बऱ्याच शिकाऱ्यांना जुनी रायफल नको होती, त्यांना हंगाम हवा होता. तोच हंगाम कमी कटकटीत मिळतोय म्हटल्यावर ते इनलाइनकडे वळले. थॉम्पसन सेंटरनेही इनलाइन काढल्या. २००७ मध्ये ही कंपनी स्मिथ अँड वेसनने विकत घेतली, आणि पुढे हॉकेनचं उत्पादन बंद झालं. आज पारंपरिक रायफल हवी असेल तर इटली-स्पेनहून येणारा माल, जुना सेकंडहँड माल किंवा कारागिराकडे ऑर्डर, हेच मुख्य रस्ते उरतात. कोपऱ्यावरच्या दुकानात शेल्फवर दिसतात त्या बहुतेक इनलाइनच.

कच्च्या मालाचंही बघा. चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच लागते, पर्यायी दारू ठिणगीने नीट पेटत नाही. अमेरिकेत ती बनवणारा मोठा कारखाना एकच, गोएक्सचा, लुइझियानात. २०२१ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली आणि लोकांची धावपळ उडाली. २०२२ मध्ये एस्टेस एनर्जेटिक्सने तो घेतला, म्हणून निभावलं.

तरी मागणी कुठे टिकली?

दोन ठिकाणी. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा हंगाम आहे आणि नाताळनंतरच्या त्या हंगामात आजही चकमकच लागते. म्हणजे तिथे नियम टिकला, म्हणून गिऱ्हाईक टिकलं. दुसरं, ओहायोतल्या किबलर्स लाँगरायफल्सने सीएनसी मशीनवर सुटे भाग अचूक कापून किट विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक घरी बसून स्वतः रायफल जोडतं. हे आवडीचं गिऱ्हाईक. त्याला कटकट नकोशी वाटत नाही, त्या कटकटीसाठीच तर तो पैसे मोजतो!

आपल्या धंद्यात हे कुठे लागू होतं?

माझाच अनुभव सांगतो. दुकानात मी एका शाळेचे गणवेश ठेवायचो. जूनमध्ये रांग लागायची. मला वाटायचं, लोकांना माझं कापड आवडतं, शिलाई आवडते. एका वर्षी शाळेने मे महिन्यात रंग बदलला आणि माझे साठेक जोड तसेच पडून राहिले. रांग माझ्यासाठी नव्हतीच, ती शाळेच्या नियमासाठी होती. तेव्हा हे कळलं असतं तर मी माल थोडा थोडा भरला असता आणि एप्रिलमध्येच शाळेत जाऊन विचारून आलो असतो.

म्हणून मागणी तीन प्रकारची धरा:

१. नियमाची: कुणीतरी सांगितलंय म्हणून घेतात. नियमावर लक्ष ठेवा, स्टॉक कमी ठेवा.

२. सोयीची: काम होतंय म्हणून घेतात. जास्त सोपी वस्तू आली की जातात. ती वस्तू तुम्हीच आधी आणा.

३. आवडीची: संख्या कमी, पण किमतीवर घासाघीस कमी. इथे दर्जा आणि माहिती विका.

आजचा गृहपाठ: वहीत तीन रकाने आखा. तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच वस्तू योग्य रकान्यात लिहा. अंदाजाने नको, चार गिऱ्हाइकांना विचारून लिहा, "हे तुम्ही का घेता?" आणि प्रत्येक वस्तूपुढे पुरवठादार किती आहेत तेही लिहा. जिथे आकडा एक येईल, तिथे या आठवड्यात दुसरा शोधा.

पाचही वस्तू पहिल्याच रकान्यात आल्या, तर घाबरू नका, पण नवीन माल भरायच्या आधी कमेंटमध्ये मला लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.